नरहरी रावांची शुक्रवारची मीटिंग

नरहरी रावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मीटिंगच्या खोलीतून खुर्च्या बाहेर काढत होते. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कपाळावर गोपीचंदनाची बारीक उभी रेघ, खिशाला दोन पेनं आणि दोन्ही हातांत एकेक खुर्ची. मला वाटलं, ऑफिसचे शिपाई असावेत. मी नुकतीच कोल्हापूरहून चेन्नईला आले होते. नवऱ्याची बदली झाली म्हणून मीही नोकरी शोधली आणि एग्मोरच्या एका पंपांच्या कंपनीत खरेदी खात्यात लागले. तो माझा पहिला शुक्रवार होता. मी जरा रुबाबातच इंग्रजीत विचारलं, मीटिंग इथंच आहे ना?

"तुमचं नांव यादींत आहे कां?" ते म्हणाले. चक्क मराठीत!

मी नाव सांगितलं. त्यांनी खिशातून कागद काढून पाहिला, हातातली एक खुर्ची परत आत नेऊन ठेवली आणि म्हणाले, "बैसा मा. आठ माणसं, आठ खुर्च्या. नववी ठेवली कीं कोण्ही तरी येऊन बैसतं. बैसलं कीं बोलतं."

हे शिपाई नव्हते. हे सुट्या भागांच्या खात्याचे प्रमुख, आणि गेली अठरा वर्षं त्या ऑफिसची शुक्रवारची मीटिंग चालवणारे टी. व्ही. नरहरी राव. घराणं तंजावूरचं. पूर्वज तिकडे जाऊन तीनेकशे वर्षं झाली, तेव्हापासून घरात बोलतात ती मराठी, बाहेर तमिळ आणि ऑफिसात इंग्रजी. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता, शब्द मात्र आमच्या पणजीच्या वेळचे. 'बसा' नाही, 'बैसा'. 'का' नाही, 'काय म्हणून'. आणि माझ्यासारख्या लेकीच्या वयाच्या बायकांना तिकडच्या रीतीनं शेवटी 'मा' लावायचे. मी एकदा हसून म्हटलं, सार, तुमची मराठी ऐकली की बखर वाचल्यासारखी वाटते. ते म्हणाले, "आणि तुमची ऐकली कीं अर्धी इंग्रजी वाटते. मीटिंगला तुमच्या कोल्हापुरांत काय म्हणतात?"

"मीटिंगच."

"मग हसतां काय म्हणून?"

महाराष्ट्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पाहण्याची घाईही नव्हती.

आता त्यांच्या मीटिंगबद्दल. ती बरोबर दहा वीसला सुरू व्हायची. सव्वादहा नाही, साडेदहा तर मुळीच नाही. त्याचं कारण असं की शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ असतो. चेन्नईत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरवर तारखेखालीच तो छापलेला असतो, आणि त्या दीड तासात सहसा कोणी नवं काम हाती घेत नाही. चालू असलेलं काम पुढे न्यायला मात्र हरकत नाही. नरहरी रावांनी हीच गोष्ट उचलून मीटिंगला लावली होती. दहा वीस ते दहा तीस या दहा मिनिटांत प्रत्येकानं आपापला विषय एका वाक्यात उघडायचा. राव आपल्या लांबट वहीत त्याला नंबर द्यायचे. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले की पेनाचं टोपण लावून म्हणायचे, "राहु." झालं. यापुढे नवा विषय नाही, उघडलेले संपवायचे. ज्याला साडेदहा वाजून पाच मिनिटांनी काहीतरी महत्त्वाचं आठवलं, त्यानं ते पुढच्या शुक्रवारपर्यंत आठवत ठेवायचं.

माझ्या दुसऱ्याच शुक्रवारी मी दहा एकतीसला धापा टाकत आत शिरले आणि म्हणाले, माझाही एक विषय आहे. सगळ्यांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, जणू मी काही अशुभ बोलले होते. रावांनी मान हलवली, "बैसा, ऐका. पुढच्या शुक्रवारीं बोला." पुढच्या शुक्रवारपर्यंत माझा विषय आपोआप मिटला होता. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "अर्धे विषय तसेच असतात."

मी मुळात भांडखोर. एकदा विचारलंच, सार, खरंच तुमचा राहूवर विश्वास आहे? त्यांनी आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं. "राहूचं मला ठाऊक नाहीं मा. पण घड्याळाकडे पाहून लोक गप्प बैसतात. माझ्याकडे पाहून बैसत नाहींत." एवढं शहाणपण सांगून हा गृहस्थ त्याच दिवशी मीटिंगनंतर लगेच बँकेत निघायचा तो बारा वाजून गेल्यावरच निघाला. स्कूटर सकाळपासून दारात उभी होती.

मीटिंग तमिळमिश्रित इंग्रजीत चाले, इथे मी सगळं मराठीत सांगतेय. दुसरा त्यांचा नियम असा की कॉफी शेवटी. बाकीच्या ऑफिसांत मीटिंगची सुरुवात कॉफीनं होते आणि मीटिंग कॉफीइतकीच चालते, नंतर नुसत्या गप्पा. इथे कॉफीचे पेले दाराबाहेर येऊन थांबायचे, वास आत यायचा, आणि रावांनी वहीतले सगळे निर्णय मोठ्यानं वाचून दाखवून सगळ्यांच्या सह्या घेतल्याशिवाय दार उघडायचं नाही. विक्री खात्याचे थॉमस कॉफीसाठी जीव टाकायचे. अकराला पाच कमी असताना त्यांच्यासारखा समजूतदार माणूस दुसरा सापडला नसता. कित्येक वर्षांचे वाद त्या वासानं मिटवले असतील.

आणि तिसरा नियम, एका कामाला एकच नाव. "मेंटेनन्स आणि अ‍ॅडमिन मिळून बघतील" असं कुणी म्हटलं की राव पेन उचलून धरायचे. "आणि काढा." पिण्याच्या पाण्याच्या कूलरचा किस्सा ऑफिसात सगळे सांगायचे. तो सहा महिने बंद होता आणि त्याच्याकडे तीन खाती मिळून बघत होती. राव सहा-सात महिने आजारपणाच्या रजेवर होते, तेव्हाची ही गोष्ट. परत आल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, काम कूलर, तारीख मंगळवार, आणि नावाच्या जागी थेट आमच्या जनरल मॅनेजरचं नाव. जनरल मॅनेजर लाल झाले. म्हणाले, मी कूलर दुरुस्त करू? राव म्हणाले, "तुम्हीं नाहीं तर कोणाचं नांव लिहूं तें सांगा, एकच." साहेबांना एक नाव सुचेना. मंगळवारी कूलर चालू झाला. तो कसा झाला हे साहेबांनी कुणाला सांगितलं नाही.

घरी मात्र या माणसाची डाळ शिजत नव्हती. टी. नगरला साड्यांच्या मोठमोठ्या दुकानांच्या मागल्या गल्लीत त्यांचं घर. दिवाळीच्या आधी एका रविवारी मला आणि माझ्या नवऱ्याला जेवायला बोलावलं होतं. भात, सांबार, पुरणपोळी, आणि पोळीवर तूप घालायला त्यांच्या पत्नी अंबाबाई उभ्या. जेवण झाल्यावर भाचीच्या लग्नाला कुठली साडी द्यायची हा प्रश्न निघाला. रावांनी सवयीनं म्हटलं, "रंग पहिला विषय, किंमत दुसरा, दुकान तिसरा." अंबाबाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. मला घेऊन त्या गल्लीतून बाहेर पडल्या, सहा दुकानं पालथी घातली आणि काहीही न घेता परत आल्या. राव पायरीवर बसून वाट पाहत होते. "विषय संपला?" त्यांनी विचारलं. अंबाबाई म्हणाल्या, "आत्तां तर उघडला." माझ्याकडे बघून राव हळूच म्हणाले, "हिला राहुकाळ लागत नाहीं."

मग कंपनी विकली गेली. नवे मालक गुडगावचे. त्यांनी आमच्यावर मेहरा नावाचा एक तिशीतला साहेब पाठवला. वाईट नव्हता पोरगा. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट पडद्यावर दाखवायची खोड होती. पहिल्या शुक्रवारी त्यानं लॅपटॉप जोडला. रावांनी विचारलं, किती स्लाइड आहेत? बेचाळीस. "त्यांतलं आम्ही करायचं काम कुठल्या स्लाइडवर आहे?" मेहरानं थोडं चाचपून सांगितलं, एक्केचाळीस. "मग तिथूनच सुरू करूं." मेहरा हसला, खरंच तिथून सुरू केलं आणि ती एकच दाखवून थांबला. त्या दिवशी कॉफी पावणेअकराला मिळाली आणि थॉमस त्याच्या प्रेमात पडले.

पण बेचाळिसाव्या स्लाइडवर काय होतं ते आम्हाला फेब्रुवारी संपता संपता कळलं. सुट्या भागांचं खातं चेन्नईतून उचलून गुडगावला न्यायचं. म्हणजे रावांचं खातं. त्यात राव धरून पाच माणसं. दोन स्टोअरकीपर, सेंथिल नावाचा एक तरुण, आणि कमला.

कमलाबद्दल सांगायला हवं. चाळिशी ओलांडलेली, नवरा याच कंपनीत होता, तो गेल्यावर त्याच्या जागी लागलेली. इंग्रजी बेताचं, कॉम्प्युटर येत नाही. पण कुठल्याही जुन्या पंपाचा कुठलाही भाग सांगा, त्याचा नंबर तिच्या तोंडात. घरी म्हातारी सासू आणि शाळेतल्या दोन मुली. ही नोकरी गेली तर दुसरी तिला कुणी देणार नव्हतं. हे तिलाही माहीत होतं आणि आम्हा सगळ्यांना. राव तिच्याबद्दल कधी काही बोलत नसत, पण तिची फाइल ते स्वतःच्या खणात ठेवायचे.

नव्या मालकांची एक अट होती. चेन्नई ऑफिसच्या मीटिंगमध्ये विषय मंजूर झाल्याची सही असलेली नोंद त्यांना हवी होती, आणि ती मार्चच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत. त्या शुक्रवारी हुकली तर आर्थिक वर्ष बदलणार, आणि सगळं प्रकरण वर्षभर पुढे जाणार. थॉमसनी हे हिशेबानं शोधून काढलं आणि गुरुवारी दुपारी आम्ही दोघं रावांच्या टेबलाशी गेलो. कमला मागे उभी होती.

थॉमस म्हणाले, "सार, उद्या मेहराचा विषय साडेदहाच्या आत उघडला नाही तर राहू. नियम तुमचाच आहे. आम्ही आमचे विषय जरा लांबवतो. दहा मिनिटं काय, आरामात जातील."

राव ऐकत होते. मी म्हटलं, सार, एक वर्ष मिळेल. वर्षात काय काय होतं. ते कमलाकडे बघत होते की तिच्या मागच्या कपाटाकडे, मला कळलं नाही. "उद्यां पाहूं," एवढंच म्हणाले.

आम्हाला वाटलं, ठरलं.

शुक्रवारी नशीबही आमच्या बाजूनं उभं राहिलं. अण्णा सालैवर कुठल्या तरी पक्षाचा मोर्चा निघाला आणि मेहराची गाडी त्यात अडकली. दहा वीसला मीटिंग सुरू झाली तेव्हा त्याची खुर्ची रिकामी होती. थॉमसनी विक्रीचा विषय असा काही रंगवून उघडला की रावांनी दोनदा "एक वाक्य" म्हणून आठवण केली. मी खरेदीचा विषय उघडला, तोही रेंगाळत. दहा सत्तावीस झाले. दहा अठ्ठावीस. आम्ही घड्याळाकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत होतो की कुणालाही कळलं असतं.

तेवढ्यात रावांनी पान उलटलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "विषय सहा. सुट्या भागांचं खातं गुडगावला हलवणं. मांडणार मिस्टर मेहरा. ते वाटेत आहेत, त्यांच्या वतीनं मी उघडतोय." आणि लिहिलं.

"सार!" थॉमस जवळजवळ ओरडले.

रावांनी वर पाहिलं नाही. घड्याळात साडेदहा झाले, त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "राहु."

दहा छत्तीसला मेहरा घामानं भिजून आत आला. त्याची नजर आधी घड्याळाकडे गेली आणि चेहरा उतरला. इतक्या महिन्यांत तोही शिकला होता. "माहीत आहे," तो म्हणाला, "राहू."

"बैसा," राव म्हणाले. "तुमचा विषय वेळेंत उघडला आहे."

त्यानंतर जी मीटिंग झाली तशी मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही. मेहरानं वरून आलेला मसुदा वाचला. संबंधित कर्मचाऱ्यांना योग्य प्रकारे सामावून घेण्यात येईल. रावांनी पेन उचलून धरलं. संबंधित म्हणजे कोण, नावं सांगा. योग्य म्हणजे कुठे. सामावून घेणार कोण, कुठल्या तारखेला. मेहरा म्हणाला, तपशील नंतर ठरवू. राव म्हणाले, "नंतर म्हणून एक वार आहे का? माझ्या कॅलेंडरांत नाहीं." आवाज चढवला नाही, घाई केली नाही. बाहेर कॉफी येऊन थांबली, वास आत आला, पण त्या दिवशी थॉमसनाही त्याचं भान नव्हतं. दोन्ही स्टोअरकीपर अंबत्तूरच्या कारखान्यात, एक एप्रिलपासून, जबाबदारी मेहराची स्वतःची. मेहरानं तिथल्या तिथे कारखान्यात फोन लावून विचारून घेतलं, रावांनी लावायलाच लावला. सेंथिल विक्रीत, जबाबदारी थॉमसची. थॉमसनी मान डोलावली, पण रावांकडे बघितलं नाही.

"आपल्या अड्यारच्या ऑफिसात एक जागा आहे," मेहरा म्हणाला. त्याच्या आवाजात खरा आदर होता. "ती अर्थातच तुमच्यासाठी, मिस्टर राव. वरून तसं बोलणं झालंय."

राव लिहीत होते. लिहून झाल्यावर वाचलं, "अड्यार ऑफिस. कमला. तारीख पंधरा एप्रिल. करून घेणार, वैशाली."

वैशाली म्हणजे मी.

"आणि तुम्ही?" मेहरानं विचारलं.

"तेंही लिहिलं आहे. नाव, नरहरी राव. काम, घरी जाणं. तारीख, एकतीस मार्च."

एरवी आम्ही हसलो असतो. मेहरा कसनुसा होऊन म्हणाला, "तुमचं आपण वेगळं बोलू. मी वर बोलतो, काहीतरी मार्ग काढू."

"वेगळं काढलं तर तो नवा विषय होतो," राव म्हणाले आणि घड्याळाकडे बोट केलं. "साडेदहा वाजून गेले."

त्यांनी सगळे निर्णय वाचून दाखवले, सह्या घेतल्या, आणि दार उघडलं. कॉफी गार झाली होती.

मला त्यांचा भयंकर राग आला. मी त्यांना जिन्यात गाठलं आणि मराठीतच भांडले, म्हणजे बाकी कुणाला कळायला नको. म्हटलं, थांबवता आलं असतं. दोन मिनिटं नुसतं गप्प बसायचं होतं. तुमच्या नियमापायी पाच माणसांचं वर्ष घालवलंत.

ते दोन पायऱ्या खाली उभे होते, त्यामुळे माझ्याकडे मान वर करून बघत होते. "वर्षानं हेंच पत्रानं आलं असतं मा. पत्राला विचारतां येत नाहीं, कोण, कुठें, कधीं. आज माणूस समोर बैसला होता."

"आणि तुमचं?"

"मला रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलीं होतीं. तिला चौदा."

"घरी काय सांगणार आहात?"

"तें घरच्या मीटिंगींत," ते म्हणाले. "तिथें माझं कोण ऐकतं?"

एवढं ऐकूनही माझा राग गेला नाही, हे कबूल करते. त्यांचं बरोबर होतं हे मला कळत होतं आणि त्याचाच राग येत होता. एकतीस मार्चला त्यांचा निरोपसमारंभ झाला. हार, शाल, चांदीची समई. मी हात जोडले आणि कामाचं निमित्त सांगून लवकर निघून आले. त्यांनी मला हाक मारली होती, मी ऐकली नाही असं दाखवलं. इतक्या वर्षांनीही त्याची लाज वाटते.

माझ्या नावावरचं काम मात्र मी केलं. अड्यारच्या लोकांना कमला नको होती, इंग्रजी येत नाही म्हणत होते. मी तीनदा गेले, एकदा भांडले, मेहराला मध्ये घातलं. बारा एप्रिलला कमला तिथे रुजू झाली. शुक्रवारची मीटिंग पुढे मेहरा घेऊ लागला. ती साडेदहाला सुरू व्हायची, कधी पावणेअकराला, आणि कॉफी आधी यायची. आमच्या खुर्च्याही दहा-बारा झाल्या.

जूनमध्ये एका दुपारी मी कामासाठी अड्यारला गेले होते. ऑफिस रस्त्यालगत तळमजल्यावर, समोरच्या बाजूला बसस्टॉप. रस्ता ओलांडायला थांबले तर बसस्टॉपच्या सावलीत नरहरी राव उभे. आधी ओळखलेच नाहीत, कारण अंगावर पँट नव्हती, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी होती, आणि हातात पिशवी. बस येत होत्या आणि जात होत्या, ते चढत नव्हते.

मी जाऊन पाया पडले. भर रस्त्यात असं मी कधी कुणाच्या पडले नव्हते. ते गडबडले. "अय्यो, काय म्हणून मा, उठा."

"सार, तुमची माफी मागायची होती. मार्चपासून."

"उघडला नव्हता तो विषय," ते म्हणाले. "आतां काय म्हणून उघडतां?" मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "बारा तारखेला रुजू झाली म्हणे?"

"हो."

"पंधरा लिहिली होती मी. तीन दिवस आधीं." त्यांना बरं वाटलं होतं, ते लपत नव्हतं. "टेबल दिलं कां तिला? स्वतःचं?"

"खिडकीपाशी. पंखा पण आहे."

"पाहिलं," ते म्हणाले. आणि लगेच दुसरीकडे बघू लागले.

म्हणजे ते बघायलाच आले होते. टी. नगरहून अड्यार, भर उन्हात, दोन बस बदलून. मला कळेना. मी म्हटलं, सार, मग आत चला ना. तिला किती आनंद होईल. कॉफी घेऊ. इथे उन्हात काय उभे राहता?

"नाहीं, नाहीं."

"अहो, पण का?"

त्यांची बस आली. वेष्टी सावरत त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला, आणि मागे वळून मला म्हणाले, "आंत गेलों तर ती उठून उभी राहील मा. मला ती बैसलेली पाहायची होती."

बस निघाली. मी रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिले. मग पलीकडे पाहिलं. खिडकीत कमला बसली होती, मान खाली घालून काहीतरी लिहीत होती, आणि बराच वेळ तिनं वर पाहिलं नाही.